घाई न सोसणारी बिअर

ग्लासात ती अगदी फिकी दिसते. गव्हाच्या काडीचा पिवळा रंग, आरपार दिसेल इतकी नितळ, वर दोन बोटं पांढराशुभ्र फेस. ओळखीच्या पिल्सनरशेजारी ठेवली तर बघून फरक सांगता येणार नाही. नाक जवळ नेलं की मात्र कळतं. आधी नाशपाती येते, चांगली पिकलेली. मग संत्र्याच्या सालीचा वास आणि त्यामागे लवंग-मिऱ्यांचा बारीक तिखटपणा. पहिला घोट जिभेवर हलका पडतो, गोड लागणार असं वाटेपर्यंत कोरडा होऊन संपतो. घशात जळजळ नाही. छातीत थोडी ऊब येते, तीही ग्लास अर्धा झाल्यावर. या बिअरमध्ये ७.८ टक्के अल्कोहोल आहे हे फळ्यावर लिहिलेलं नसतं, तर मी ते मानलं नसतं.

बेल्जियन स्ट्राँग गोल्डन एल असं या प्रकाराचं नाव. मी ती प्यायलो पुण्यात, शहराच्या पूर्वेकडच्या एका मायक्रोब्रुअरीत. तिथे ती क्वचितच होते, एखादी टाकी रिकामी मिळाली तर. फळ्यावर ती सगळ्यात खाली होती. वरच्या ओळींत पुण्याची रोजची मंडळी: गव्हाची हेफेवाइझन, संत्र्याची साल आणि धणे घातलेली बेल्जियन विट, सफरचंदाची सायडर, एखादी आयपीए, एखादी काळी स्टाउट. आजूबाजूच्या टेबलांवर पिचर जात होते ते गव्हाच्या बिअरचेच. गोल्डन एल पिचरमध्ये मिळत नव्हती, लहान ग्लासातच मिळत होती. ही अट मला फार आवडली. ती का घालावी लागते, हे सांगायचं तर या बिअरची सगळी गोष्टच सांगावी लागते.

पुण्याला बिअर नवी नाही. एच. जी. मीकिन हा बर्टन-ऑन-ट्रेंटच्या बिअर गाळणाऱ्या घराण्यातला माणूस. १८८७ मध्ये त्याने शिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअऱ्या घेतल्या आणि पुढे डलहौसी, रानीखेत, चक्राता, दार्जिलिंग इथे नव्या उभारल्या. या सगळ्या थंड हवेच्या जागा. त्याच यादीत आणखी एक नाव आहे, ते आपल्या खडकीचं. यंत्राने टाकी गार ठेवणं सर्रास होण्याआधीच्या काळात पहाड सोडून दख्खनच्या पठारावर बिअर करायची, तर तसंच कारण हवं. खडकी-पुण्याच्या छावण्यांतले तहानलेले गोरे शिपाई हे ते कारण असणार. त्या बिअरशी गावातल्या माणसाचा काही संबंध नव्हता.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नाव बदलून तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाला आणि तो अजून लागू आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री आजही परवाना लागतो. त्याच राज्यात, त्याच कायद्याच्या छायेत, २००९ मध्ये पुण्याच्या कोरिंथियन्स हॉटेलात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ‘डूलाली’ सुरू केली. महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. बिअर करायला जर्मनीहून ऑलिव्हर शाउफ आले होते. त्यानंतर पाचेक वर्षांत मुंढव्याला ‘इंडिपेन्डन्स’ आली, कोरेगाव पार्कात ‘एफिंगट’ आली. पुढे नकुल भोसले यांच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ घालून आंबट एल केली, आणि ‘मूनशाइन’वाल्यांनी मध आंबवून मीड बाटलीत भरलं. पंधरा वर्षांत या शहराने बिअरच्या बाबतीत जेवढं शिकून घेतलं, तेवढं देशात बेंगळुरू सोडलं तर फार कमी शहरांनी घेतलं असेल.

तरीही रविवार दुपारची ही टेबलं सोडून वाइन शॉपच्या खिडकीपाशी गेलं की चित्र वेगळं दिसतं. तिथे ६५० मिलीची स्ट्राँगची बाटली मागितली जाते. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत बिअरचे दोन वर्ग आहेत: ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यावर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये सर्वांत मोठा वाटा या दुसऱ्या वर्गाचा. ही बाटली बर्फासारखी गार लागते, कारण कोमट झाली तर ती पिववत नाही. आणि ती भरभर प्यावी लागते. पार्किंगमधल्या गाडीत, गच्चीवर, रस्त्याकडेच्या अंधारात, कोणी पाहायच्या आत. आपल्या स्ट्राँग बिअरला या घाईने घडवलं, असं माझं मत आहे. प्यायची जागा नाही, प्यायला वेळ नाही, पिताना दिसायचं नाही. अशा वेळी माणूस चव मागत नाही. कमी पैशांत किती चढेल एवढंच विचारतो, आणि कारखाना त्याला तेच देतो.

बेल्जियममध्येही माणसांना चढणारी बिअर हवी होती. तिथेही त्यामागे कायदाच होता. पहिल्या महायुद्धानंतर, ऑगस्ट १९१९ मध्ये, एमिल व्हान्डरव्हेल्डे या समाजवादी मंत्र्याने कॅफेत कडक दारू विकायला बंदी घातली. घरी न्यायची तर एका वेळी निदान दोन लिटर घ्यावी लागे. मजुराला एवढे पैसे एकदम काढता येऊ नयेत, हा हेतू. हा कायदा १९८० च्या दशकापर्यंत टिकला. कॅफेत जिन मिळेना, तेव्हा जड बिअरला गिऱ्हाईक वाढलं. पण तिथला माणूस कॅफेतच बसून राहिला. उजेडात, शेजाऱ्यांसोबत, खुर्चीवर. एकाच ग्लासावर तास काढणाऱ्या माणसाला बेचव बिअर देऊन भागत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे दोन देशांतल्या स्ट्राँग बिअरची वाट इथे वेगळी झाली.

अँटवर्पजवळच्या ब्रेन्डोन्क गावी मोर्टगाट कुटुंबाची ब्रुअरी आहे, १८७१ साली सुरू झालेली. महायुद्ध संपल्यावर अल्बर्ट मोर्टगाटला इंग्लिश-स्कॉटिश धाटणीची एल करायची होती, कारण त्या बिअरला तेव्हा बेल्जियममध्ये मान होता. त्यासाठी लागणारं यीस्ट त्याने थेट स्कॉटलंडमधून आणलं. विरजण संपलं की शेजारी वाटी घेऊन जावं तसा हा माणूस समुद्र ओलांडून गेला. तिकडचे ब्रूअर ते द्यायला फारसे राजी नव्हते, तरी एका ठिकाणाहून त्याने मिळवलंच. त्याच यीस्टची पुढची पिढी आजही तिथे वापरात आहे. युद्ध जिंकल्याच्या आनंदात बिअरचं नाव ‘व्हिक्टरी एल’ ठेवलं होतं. १९२० च्या दशकात गावातल्या एका चांभाराने ती चाखली आणि हा तर साक्षात सैतान आहे असं म्हणाला, म्हणून नाव झालं ‘डूव्हल’. तेव्हा ती गडद रंगाची होती. आज दिसते ती सोनेरी डूव्हल १९७० ची. पिल्सनरच्या लाटेत गडद बिअर मागे पडत होत्या. मोर्टगाट कुटुंबाने लुव्हानचे प्राध्यापक ज्यां द क्लेर्क यांची मदत घेतली, रंग पिल्सनरचा केला, यीस्ट आणि ताकद तशीच ठेवली. ८.५ टक्के. पुढे जगभर लोकांनी नक्कल केली ती याच बिअरची. ह्यूघे ब्रुअरीची गुलाबी हत्तीवाली डेलिरियम ट्रेमेन्स हीही याच प्रकारातली, तीही ८.५ टक्क्यांची.

म्हणजे या प्रकारातल्या दोन सर्वांत नावाजलेल्या बिअर आपल्या ८ टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाहीत. पुण्यातल्या ब्रूअरला ती थोडी खाली आणावी लागते. मी प्यायलो ती ७.८ ची होती, त्याचं कारण हे. पाऊण टक्क्याने चवीत फार बिघडत नाही. बिघडू शकतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

सगळा जीव यीस्टमध्ये आहे. एरवी या बिअरमध्ये आहे काय? फिकं पिल्सनर मॉल्ट, थोडे हॉप्स, पाणी, साखर. मसाला घातलेला नसतो, फळ घातलेलं नसतं. ती लवंग, ती नाशपाती, ते संत्रं, सगळं यीस्टने तयार केलेलं. मॉल्टमधून येणाऱ्या फेरुलिक आम्लाचं यीस्ट ४-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाच्या द्रव्यात रूपांतर करतं, आणि त्याला लवंगेचा वास असतो. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, सफरचंद-नाशपातीकडे झुकणारा इथाइल हेक्झॅनोएटचा. लुव्हानमधल्या संशोधकांचा सहभाग असलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला. १५७ यीस्टच्या जनुकांचा आराखडा त्यांनी मांडला. त्यात असं दिसलं की बिअरच्या बहुतेक यीस्टनी लवंगेचा वास तयार करण्याची क्षमता गमावलेली आहे. शेकडो वर्षं ब्रूअर एका घाण्याचं यीस्ट पुढच्या घाण्याला वापरत आले आणि त्यांना तो वास बिअरमध्ये नको होता. त्यांना जनुकं ठाऊक नव्हती, पण निवड मात्र तीच होत गेली. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट आणि काही बेल्जियन यीस्ट एवढ्यांनीच तो वास राखला, कारण तिथे लोकांना तो आवडत होता. पुण्यात हेफेवाइझन एवढी का चालली, याचं थोडं उत्तर मला यात दिसतं. लवंग आणि पिकलेलं केळं या वासांना आपलं नाक परकं नाही.

वास नेमके येण्यासाठी यीस्टला तापमान सांभाळून द्यावं लागतं. सुरुवात १६ ते १८ अंशांवर. मग रोज थोडं थोडं चढू द्यायचं, शेवटी २६-२८ पर्यंत. सुरुवातीलाच गरम झालं तर तीव्र, डोकं धरायला लावणारी अल्कोहोलं तयार होतात आणि नेलपॉलिशसारखा वास येतो. शेवटपर्यंत गारच ठेवलं तर यीस्ट दमून झोपतं, साखर उरते, बिअर चिकट होते. टाकीभोवती गार ग्लायकॉल फिरवणारं जाकीट असतं. पहिले दोन दिवस ते चालू ठेवायचं आणि मग हळूहळू त्याचा हात सोडायचा. आंबताना टाकी स्वतःच तापते. ज्या ब्रूअरने ही बिअर केली होती, त्याने मला टाकीवरचा आकडा दाखवला. पहिल्या आठवड्यात तो हा आकडा रात्रीही फोनवर बघत असे. त्याच्या शेजारच्या टाकीत गव्हाची बिअर होती. तिच्याविषयी तो एवढा हळवा झालेला दिसला नाही.

आणि साखर. इथे मात्र आपल्याकडच्या जाणकारांची एक समजूत मला खोडायची आहे. क्राफ्ट बिअरवाले अभिमानाने सांगतात की आम्ही साखर घालत नाही, शंभर टक्के मॉल्ट. कारखान्यातल्या स्ट्राँगमध्ये साखर, तांदूळ, मका असतो म्हणून ती हलकी, असं त्यांचं म्हणणं. पण बेल्जियन गोल्डन एलमध्ये आंबणाऱ्या ऐवजापैकी दहा ते वीस टक्के साखरच असते, आणि ती नसेल तर ही बिअर होतच नाही. नुसत्या मॉल्टने एवढी ताकद गाठायला गेलं तर बिअर जड, गुळमट होते, दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. साखर पूर्ण आंबते, मागे काही ठेवत नाही. ताकद वाढते आणि अंग हलकं राहतं. हजार लिटरच्या घाण्याला पंचवीस-तीस किलो साखर लागते. बेल्जियन लोक बिटाची किंवा ग्लुकोजची घेतात. इथे उसाची. यीस्टला तिचा काही फरक पडत नाही. कारखान्याची स्ट्राँग साखरेने बिघडलेली नाही, वेळ न दिल्याने बिघडलेली आहे.

गुळाचा मोह मात्र टाळावा. दर वेळी कोणीतरी सुचवतं की कोल्हापुरी गूळ घाला, देशी होईल. गुळातली खनिजं आणि करपूस रंग या बिअरचा नितळपणा घालवतात. बेल्जियममध्येच गडद डुबेल नावाचा प्रकार आहे. गूळ तिथे शोभेल, आणि कोणी तो मन लावून करून पाहावा असं मला फार वाटतं. सोनेरी बिअरला पांढरी साखरच बरी.

पुण्याला या बिअरची जवळीक वाटायला आणखी कारणं आहेत. शहराच्या एका टोकाला मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ मध्ये स्थापन झालेली. उसापासून अल्कोहोलपर्यंतचं शास्त्र तिथे शिकवलं जातं. दुसऱ्या बाजूला पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० ची. तिथे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यीस्ट, बुरशी, जिवाणू यांचे हजारो नमुने जपून ठेवलेले, मागणी करणाऱ्याला मिळणारे. मद्यार्काच्या आणि बिअरच्या कारखान्यांची यंत्रं बनवणारी प्राज इंडस्ट्रीज याच शहरातली. पाणी खडकवासल्याचं, पावसाचं, मऊ. फिक्या बिअरला असंच पाणी हवं असतं. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर ते आधी गाळून मऊ करावं लागतं. बाहेरून येतात ते चांगलं मॉल्ट आणि हॉप्स, आणि यीस्टचं पाकीट. पाकीट बहुधा युरोपातून येतं, कोरडं, वजनाने अगदी थोडं.

या शेवटच्या गोष्टीची मला खंत वाटते. जगातली नावाजलेली यीस्ट कोणाच्या तरी तळघरातून, कोणाच्या तरी बाटलीतल्या गाळातून वेगळी काढलेली आहेत. सह्याद्रीत मोहाची फुलं आंबतात, कोकणात माडी आंबते, जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षांच्या सालीवर यीस्ट असतंच. यातली बहुतेक बिअरच्या कामाची नसणार, कारण मॉल्टमधली माल्टोज साखर खायची सवय रानातल्या यीस्टला सहसा नसते. पण एखादं निघेल. ते शोधायला लागणारी प्रयोगशाळा आणि ते चाखायला लागणारी ब्रुअरी यांच्यात अंतर आहे फक्त शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं. एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय पीएचडीला घ्यावा आणि एखाद्या ब्रूअरने त्याला वीस लिटरची टाकी द्यावी, एवढंच हवं आहे.

आता वेळेचं गणित. गव्हाची बिअर दहा-पंधरा दिवसांत नळाला येते. ताजी असतानाच ती चांगली लागते. गोल्डन एल आंबायलाच दहा दिवस घेते. त्यानंतर तिला गारठ्यात सोडावं लागतं. यीस्ट खाली बसतं, कच्च्या सफरचंदासारखा वास जातो, अल्कोहोलची धार मावळते. डूव्हलला कारखान्यातून बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. पुण्यात एवढे महिने कोण देणार? सहा ते आठ आठवडे दिले तरी ती मेहेरबानी. त्या आठ आठवड्यांत त्याच टाकीतून गव्हाच्या बिअरचे चार घाणे निघाले असते. शिवाय एका लिटरमागे मॉल्ट-साखरेचा ऐवज जवळपास दीडपट लागतो. टाकी आठ आठवडे अडकते, कच्चा माल दीडपट जातो आणि विकायची लहान ग्लासात. भाडं भरणाऱ्या मालकाला हे पटवणं सोपं नाही. मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर ही बिअर दिसली तर तिच्यामागे कोणीतरी हट्ट केलेला आहे, असं खुशाल समजावं.

सगळीकडे तो हट्ट पूर्ण होतोच असं नाही. मी या प्रकाराच्या नावाने विकली जाणारी अशीही बिअर प्यायलो आहे, जी तीन आठवड्यांत नळाला आणलेली होती. रंग बरोबर, टक्केवारी बरोबर, लवंगही होती. पण घोट संपल्यावर जिभेच्या मागे गरम, स्पिरिटसारखी रेघ राहत होती आणि दुसरा ग्लास मागवावासा वाटला नाही. दोन्हींत फरक होता तो चार आठवड्यांच्या गारठ्याचा.

एक गोष्ट पुण्यातल्या चांगल्या घाण्यातही कमी पडते, ती म्हणजे वायू. बेल्जियममध्ये ही बिअर बाटलीत भरताना थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालतात. बाटली काही दिवस उबदार खोलीत ठेवतात, आत पुन्हा आंबतं आणि कार्बन डायऑक्साइड चांगलाच वाढतो. म्हणून तो डोंगरासारखा फेस, म्हणून जिभेवरचा तो कोरडा, चावरा स्पर्श. पबमधली मायक्रोब्रुअरी टाकीतून थेट नळाला बिअर देते. नळ, नळ्या, दाब, सगळं साध्या बिअरच्या वायूला बेतलेलं. जास्त भरला तर ग्लासात नुसता फेसच पडतो. त्यामुळे इथली गोल्डन एल थोडी शांत, थोडी गोलसर लागते. ती वाईट नसते, पण तिची अर्धी चपळाई हरवलेली असते. अशा जड बिअरपुरती तरी, थोड्या प्रमाणात, बाटलीत आंबवून जागेवर विकायची वाट सरकारने नीट मोकळी करून द्यावी. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने विदेशी मद्यावरचं शुल्क भरमसाट वाढवलं, तेव्हा बिअर आणि वाइनला वगळलं होतं. म्हणजे सौम्य पेयांना वेगळं वागवावं एवढी समज तिथे आहे. तीच आणखी थोडी पुढे न्यायची आहे.

लहान ग्लासाच्या अटीचं मी सुरुवातीला बोललो. तिचा हिशेब असा. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये जवळपास १३ मिली शुद्ध अल्कोहोल. ७.८ टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलीचा ग्लास म्हणजे २६ मिली, अगदी बरोबर दोन पेग. वाइन शॉपमधली ८ टक्क्यांची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार पेग. चार पेग घेतले असं माणूस सहज म्हणणार नाही, एक बिअर घेतली असं म्हणेल. गोल्डन एल तर ताकद लपवण्यात पटाईत. ती घशाला सावध करत नाही. २०० मिलीच्या ग्लासात सव्वा पेग येतो आणि तेवढ्यात तिचं सगळं सांगून होतं.

हे मी पुण्यात बसून लिहितो आहे, त्यामुळे १९ मे २०२४ ची पहाट बाजूला ठेवता येत नाही. कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघेही गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी पबमध्ये होता. त्यानंतर शहरातल्या पबांवर कारवाया झाल्या, वेळा तपासल्या गेल्या, परवाने तपासले गेले. चांगल्या बिअरविषयी प्रेमाने लिहिणाऱ्या माणसावर त्या दोन मुलांचं ऋण आहे असं मला मनापासून वाटतं. मोटार वाहन कायद्यात रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. गोल्डन एलचा एक मोठा ग्लास अनेकांना ती ओलांडायला पुरतो. तेव्हा ही बिअर प्यायची असेल त्या दिवशी गाडी घरी. यात काही सूट नाही.

खाण्याचं सांगितल्याशिवाय मात्र हे पुरं होणार नाही, आणि दिवाळीत तर नाहीच. बेल्जियन कॅफेत या बिअरबरोबर चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची चटणी देतात. पुण्यात एबीसी फार्म्सचं चीज अनेक वर्षं मिळतं, ते जमतं. पण मला त्याहून जमलेली वाटली ती भाजणीची चकली. तीळ, ओवा, तेल, खमंगपणा. बिअरचा कोरडेपणा तेल धुऊन नेतो आणि भाजणीतले धणे-जिरे तिच्यातल्या लवंगेला जाऊन मिळतात. सुरळीची वडी चांगली लागते, खोबरं-कोथिंबिरीमुळे. कुरकुरीत तळलेले बोंबील तर फारच. कॅम्पातल्या बुधानींचे साधे खारे वेफर्स कधीच दगा देत नाहीत. मिसळीच्या आणि तांबड्या रश्श्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि एवढ्या ताकदीच्या बिअरबरोबर तर दोन्हींची चव जळून जाते. गोडाशीही तिचं जमत नाही. श्रीखंडासमोर ती कडू लागते.

ग्लास फ्रीझरमधला नको. तो पांढऱ्या धुक्याचा ग्लास बघायला छान दिसतो, पण अशा गारठ्यात नाशपाती आणि लवंग दोन्ही मुक्या होतात. सात-आठ अंशांवर, वर थोड्या मिटलेल्या तोंडाच्या ग्लासात ती घ्यावी. मोर्टगाटवाल्यांनी आपल्या बिअरसाठी खास ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास बनवून घेतला तो फेस आणि वास दोन्ही धरून ठेवण्यासाठी. पुण्यात तो नसेल तर वाइनचा ग्लास मागावा, कोणी नाही म्हणत नाही. दहा मिनिटांनी, थोडी गरम झाल्यावर, तिचा खरा वास वर येतो. आणि मागवण्याआधी एक प्रश्न विचारावा: ही टाकीत किती दिवस होती? ज्याने ती नीट केली असेल, त्याला हा प्रश्न फार आवडतो.

मी विचारला तेव्हा त्या ब्रूअरने तारीखच सांगितली, पाठ असलेली. सात आठवडे झाले होते. पुढचा घाणा कधी लावणार, हेही विचारलं. दिवाळी ते नाताळ गर्दी असते, सगळ्या टाक्या गव्हाच्या बिअरला लागतात. एकतीस डिसेंबर उलटला की त्याच्याकडची एक मोकळी होईल. जानेवारीच्या मध्याला लावला, तर प्यायला मार्च उजाडेल.